ऑइलबाई

ऑइलबाईंनी माझ्या वडिलांना पहिल्याच भेटीत मूर्ख म्हटलं, तेही चहा द्यायच्या आधी. लग्नाची बोलणी करायला आम्ही दहिसरहून मुलुंडला गेलो होतो. बाबांनी गाडी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये लावली, तोच मुलाची आई, एक उंच, काटकुळी बाई, जिना उतरून आली. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, पदर कमरेला खोचलेला. "या, बसा" वगैरे काही नाही. "इंजिन एवढं का खडखडतंय हो?" असं विचारून तिने बाबांना बॉनेट उघडायला लावलं, डिपस्टिक ओढून काढली, तिच्या टोकाचं तेल दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं.

"ऑइल कधी बदललंय?"

"गेल्याच महिन्यात," बाबा अभिमानाने म्हणाले. "आमचा गॅरेजवाला अगदी विश्वासातला आहे."

"बदललेलंच नाही. त्याने तुम्हाला मूर्ख बनवलंय, आणि तुम्ही विश्वासाने बनलायत."

परतताना घोडबंदर रोड संपत आला तेव्हा बाबा म्हणाले, "मुलगा बरा वाटला. पण ती बाई!" पुढे उलटं निघालं. मुलगा अजिबात बरा नव्हता. बाई मात्र होती तशीच होती, आणि अजून मला तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं. मुलाबद्दल नाही.

त्यांचं नाव सोसायटीत कोणी घेत नसे. तोंडावर "मॅडम", पाठीमागे "ऑइलबाई". मी त्यांना "आई" म्हणायचे आणि अजूनही दुसरं काही म्हणता येत नाही. मूळच्या मालवणकडच्या, वडील लालबागला गिरणीत. स्वतः केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि माहुलजवळच्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत तेलं तपासत बसल्या. कुठलं किती घट्ट, तापल्यावर किती पातळ होतं, कशात काय मिसळलंय. आयुष्यभर तेलातली भेसळ शोधणाऱ्या बाईला माणसांतली दिसायला वेळ लागत नसे. दिसल्यावर गप्प बसायची सवयही नव्हती.

त्यांच्याकडे एक पांढरी, जुनी, छोटी गाडी होती. ती कधीच कुठल्या गॅरेजमध्ये गेली नाही. गॅरेजवाल्यांपेक्षाही जास्त तुच्छता त्यांना चकचकीत सर्व्हिस सेंटरांबद्दल होती. "काचेमागे बसवून कॉफी पाजतात," त्या म्हणायच्या. "कारण हात कपात अडकले पाहिजेत आणि डोळे टीव्हीत. तिकडे तुमच्या गाडीखाली कालच लागलेला पोरगा हातोड्याने बोल्ट आवळतोय. आणि तुम्ही बाहेर येऊन त्याला पाच स्टार देता!"

वर्षातून दोन रविवारी सकाळी त्या स्वतः ऑइल बदलायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या अशा रविवारी मी गॅलरीतून बघत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "नुसतं बघायचं असेल तर सिरियल लाव. खाली ये." मी खाली गेले. ड्रेस खराब होईल असं पुटपुटले, तर म्हणाल्या, "ड्रेस धुता येतो. अडाणीपणा धुता येत नाही."

आधी गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणायची. तेल थंड असलं तर जड होऊन तळाला बसतं, घाण घेऊन बाहेर येत नाही. उकळतं असलं तर हात भाजतो. कोमट हवं. मग सुताराकडून करून घेतलेल्या दोन दणकट लाकडी रॅम्पवर पुढची चाकं चढवायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना विटा लावायच्या आणि खाली जायच्या आधी गाडी हलवून बघायची. वरचं, तेल ओतायचं झाकण सैल करायचं, म्हणजे तेल खालून गुळण्या न टाकता सरळ धारेने येतं. ट्रे ठेवायचा आणि बरोबर मापाचा रिंग पाना घेऊनच इंजिनच्या तळाचा बोल्ट सोडायचा. मी चुकून सरकता पाना पुढे केला, तर त्यांनी तो असा धरला जणू मेलेला उंदीर. "हा नळवाल्याला दे. बोल्टचे कोपरे खायला ठेवलाय का?"

शेवटचे आटे हाताने फिरवायचे, बोल्ट वर दाबून धरायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा. मी तो पहिल्यांदा घेतला तेव्हा तेल कोपरापर्यंत आलं. आई गाडीशेजारी उकिडव्या बसून शांतपणे बघत होत्या. "आता कळलं, एकदम का म्हटलं ते?"

तेल पूर्ण ठिबकेपर्यंत थांबायचं. "घाई असलेल्या माणसाने सायकल घ्यावी." जुना फिल्टर काढला की त्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. नव्या फिल्टरच्या रबराला नव्या तेलाचं बोट लावायचं आणि तो हातानेच आवळायचा. बोल्टला नवा वॉशर, आटे आधी बोटांनी बसवायचे, मग पाना, तोही बेताने. "दंड दाखवायला व्यायामशाळा आहे," हे त्या पुरुषांना सांगायच्या. मला दंड नव्हते म्हणून मला "पापड मोडल्यासारखी नको करू" असं सांगायच्या. मग वरून नरसाळ्याने नवं तेल, मापापेक्षा थोडं कमीच. इंजिन क्षणभर सुरू करून खाली गळतंय का ते बघायचं, गाडी सपाट जागेवर उतरवायची, जरा थांबायचं, डिपस्टिक बघून उरलेलं घालायचं. यातलं काहीच अवघड नव्हतं, आणि त्यांचा सगळा राग त्यावरच होता. "एवढंही ज्यांना येत नाही," त्या म्हणायच्या, "ते मतदान करतात."

जुनं तेल रिकाम्या कॅनमध्ये परत भरून त्या एका ओळखीच्या माणसाला द्यायच्या. तो ते शुद्ध करणाऱ्या कारखान्यात पोचवायचा. गटारात तेल ओतणाऱ्याला त्यांच्याकडे क्षमाच नव्हती. "गटार खाडीत जातं. खाडीतून कोळणीच्या टोपलीत, टोपलीतून तुझ्या ताटात. मग म्हण, बोंबलाला वास कसला येतोय."

तिसऱ्या मजल्यावर निखिल नावाचा एक भाडेकरू राहायला आला. अंधेरीला कुठल्याशा कंपनीत होता आणि आपल्याला सगळं येतं असा चेहरा घेऊन फिरायचा. मॅडम करतात ते आपणही करू म्हणून त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. आई आणि मी भाजी घेऊन आत येत होतो, तर कंपाउंडमध्ये एका गाडीखालून दोन पाय बाहेर. गाडी फक्त जॅकवर उभी. विटा नाहीत, काही नाही. छातीवर मोबाइल, त्यात कोणीतरी इंग्रजीत बडबडतंय.

आईंनी पिशवी माझ्या हातात दिली, वाकून त्याचा घोटा धरला आणि त्याला फरफटत बाहेर ओढला. "मेल्या, उठ!"

"अहो मॅडम, काय करताय? मस्त चाललं होतं ना!"

त्यांनी दोन्ही तळवे गाडीला लावले आणि जोर दिला. जॅक कलंडला. गाडी धप्पकन खाली बसली, जिथे निखिलची छाती होती तिथे. मोबाइल खालीच राहिला होता. बडबड बंद झाली.

"आता जा परत खाली," आई म्हणाल्या. "व्हिडिओ संपायचाय ना तुझा?"

निखिल तिथेच जमिनीवर बसला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. आईंनी पिशवीतून लिंबू काढलं, मला सरबत करून आणायला सांगितलं आणि सरबत येईपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्या सात पिढ्यांच्या बुद्धीचा उद्धार केला. पुढच्या महिन्यात त्याची आई साताऱ्याहून आली, डबाभर लाडू घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि रडायलाच लागली. ती गेल्यावर आई लाडू खात म्हणाल्या, "आईला अक्कल आहे. मग हा कोणावर गेला?"

सोसायटीचे सेक्रेटरी नाडकर्णी हे त्यांचं कायमचं गिऱ्हाईक. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. सूचना लावण्यापलीकडे त्याला आयुष्यात काही उरलं नव्हतं. 'कंपाउंडमध्ये वाहनदुरुस्ती करू नये' अशी सूचना त्यांनी एकदा लावली. आईंनी त्यांना खाली बोलावलं, नुकतीच गाडी उतरवलेली जागा दाखवली आणि म्हणाल्या, "एक थेंब दाखवा." नाडकर्णी वाकून वाकून बघत राहिले. थेंब नव्हता. तरी म्हणाले, "मॅडम, नियम म्हणजे नियम."

"नियम करायला अक्कल लागत नाही," आई म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला निवडून दिलं."

सूचना भिंतीवर राहिली. आई तिच्याखालीच ऑइल बदलत राहिल्या.

आणि मंदार, त्यांचा मुलगा, माझा नवरा. त्याच्याविषयी लिहावं असं फार नाही. गोड बोलायचा. नोकऱ्या धरायचा, सोडायचा. जिम लावायचा, सोडायचा. माझ्या बाबतीतही तसंच झालं. पुण्याला नवी नोकरी धरली आणि वर्षभरात तिथलीच एक बाई. मला ते कळलं तेव्हा मी आईंसमोर स्वयंपाकघरात उभी होते. वाटलं, आता त्या मुलाची बाजू घेतील, सगळ्यांच्याच आया घेतात. त्यांनी गॅस बंद केला.

"मला माहीत होतं तो कसा आहे," त्या म्हणाल्या. "बोलणी चालली होती तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, बायको आली की सुधारेल. एवढी शिकलेली मी, आणि गावच्या म्हातारीसारखा विचार केला. शी!"

त्या "शी"मध्ये जेवढी घृणा होती तेवढी मी गॅरेजवाल्यांसाठीही ऐकली नव्हती.

मी सामान भरून दहिसरला निघाले तेव्हा त्या खाली आल्या. मला जवळ वगैरे घेतलं नाही. माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "आता ही कुठे नेणार? काचवाल्यांकडे?"

"बघीन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? घटस्फोट त्याच्याशी घेतेयस ना? मग इथे यायला काय झालं? दिवाळीआधी ये."

मी गेले. मग पुन्हा गेले. माझ्या आईला हे पसंत नव्हतं. "त्या घरात आता तुझं काय आहे ग?" ती विचारायची. तिला काय सांगणार? माझ्या लग्नातून मला एकच धड माणूस मिळालं होतं, आणि ते मला सारखं मूर्ख म्हणत होतं.

अशाच एका रविवारी ते झालं. माझी गाडी आटपली होती, त्यांची रॅम्पवर चढवली होती. आताशा गुडघे दुखायचे, पण खाली त्याच गेल्या; मला फक्त पाने द्यायला ठेवलं. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, बोल्ट लावला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंदारचा होता. त्या ऐकत राहिल्या, दोनदा "हं" म्हणाल्या, फोन ठेवला.

"लग्न करतोय," त्या म्हणाल्या. "वर जा, चहा टाक."

चहा उकळत असताना मी खिडकीतून बघितलं, तर गाडी गेटबाहेर चालली होती. मला वाटलं, चक्कर मारून येतील. डोकं शांत करायला. मी कप घेऊन खाली आले. भिंतीजवळ नव्या तेलाचा कॅन उभा होता. झाकणाचं सील तसंच.

मी कप तिथेच टाकले आणि धावत रस्त्यावर आले. फोन लावत राहिले, त्या उचलेनात. शेवटी त्यांचाच आला. आवाज नेहमीसारखा. "नाक्याच्या अलीकडे आहे. रिक्षाने ये."

गाडी रस्त्याच्या कडेला होती. जळका वास दुरूनच येत होता. चार रिकामटेकडे जमले होते आणि त्यांच्यात, नशीबच म्हणायचं, देवळातून परत येणारे नाडकर्णी. ते खिडकीशी वाकून सांगत होते, "मी तर केव्हापासून म्हणतोय मॅडम, आपल्या वयात ही कामं... कोणाकडूनतरी करून घ्यावीत."

आईंनी काच पूर्ण खाली केली.

"नाडकर्णी, नीट ऐका. मी जुनं तेल काढलं आणि नवं न घालता गाडी रस्त्यावर आणली. इंजिन जाम झालं. ते आता सुरू होणार नाही. मीटिंगमध्ये सांगाल तेव्हा असंच सांगा, तिखटमीठ लावू नका."

"होतं असं," नाडकर्णी म्हणाले. "माणूस विसरतो."

"तुम्ही विसरता. मी नाही विसरत."

त्यांनी काच वर केली. मी पलीकडचं दार उघडून शेजारी बसले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नखांत जुनं तेल.

"डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता," त्या म्हणाल्या.

"मग थांबवली का नाही, आई?"

"तो कशाचा असतो तेच आठवेना. घरापासून इथपर्यंत तेच आठवत येत होते."

तेव्हा मला समजलं की हे फोनमुळे झालं नव्हतं. मी त्यांचा हात धरायला गेले, तर म्हणाल्या, "माझ्याजागी दुसरं कोणी असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. तू काय हात धरतेस?" पण हात काढून घेतला नाही.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. "भिंतीवर आहे की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाचता येत नाही का?" मी "काढा ना, आई" म्हटल्यावर काढलं. सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने जमले होते. त्यांनी कागद लांब धरून बघितला, मग जवळ आणून बघितला. "भिकार आहे," एवढंच म्हणाल्या, आणि कागद डॉक्टरांकडे सरकवला. त्यानंतर त्यांनी गाडी भंगारात द्यायला सांगितली. ती नेताना बघायला त्या खाली आल्या नाहीत.

वर्षभर त्या मुलुंडलाच राहिल्या, दिवसभराच्या एका बाईच्या सोबतीने. त्या बाईला रोज निदान एकदा तरी नोकरीवरून काढून टाकायच्या. मी दर रविवारी जायचे. कधी मी त्यांची सून असायचे, कधी लॅबमधली नवी मुलगी. दोघींच्याही कामात त्यांना सारख्याच चुका सापडायच्या. मग एकदा गॅस रात्रभर उघडा राहिला, आणि मंदार त्यांना पुण्याला न्यायला आला. आईला आश्रमात टाकलं नाही, घरी नेलं. हे त्याच्या बाजूने मला नाइलाजाने लिहावं लागतंय. त्याच्या नव्या बायकोनेही त्यांचं नीट केलं, असं ऐकते. त्या पुण्यातच गेल्या. शेवटच्या दिवसांबद्दल मला सांगता येणार नाही, मी तिथे नव्हते. मी होते ते त्या निघाल्या त्या दिवशी.

मंदारने नवीकोरी मोठी गाडी आणली होती. आईंना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. त्या पदराने डॅशबोर्डवरची नसलेली धूळ पुसत होत्या. मग मुलाकडे वळून जुन्या आवाजात विचारलं, "ऑइल बघितलंस निघताना?"

"आई, इलेक्ट्रिक आहे ही," मंदार हसत म्हणाला. "हिला इंजिन ऑइल लागतच नाही."

त्यांनी गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख आठवत असावं.

"म्हणजे खास तुझ्यासारख्यांसाठी काढलीय," त्या म्हणाल्या.

मंदारचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याने बटण दाबलं. गाडी सुरू झालीय हेसुद्धा कळलं नाही. ती नुसती गेटमधून सरकत बाहेर गेली आणि वळली. मी हात वर केला होता. आईंनी मागे बघितलं की नाही, ते काळ्या काचेमुळे दिसलं नाही.

शेजारी नाडकर्णी उभे होते. निरोप द्यायला इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि आईंनी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. गेट बंद झालं तरी ते हलले नाहीत.

"आता मला तोंडावर मूर्ख म्हणणारं इथे कोणी राहिलं नाही," ते म्हणाले.

"मी येईन ना, काका," मी म्हटलं.